कंट्रोलरांचा फाटा

आमचे घरमालक जेवायला बसण्याआधी घोषणा करायचे. दोन्ही तळव्यांचा भोंगा करून, मान जराशी वर करून म्हणायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. पिठलं-भाकरी आपल्या जागेवर लागलेली आहे. हात धुऊन घ्यावेत." आतून काकू ओरडायच्या, "कुठं लागलीय? तवा तर तापू द्या!" मग त्याच आवाजात, तितक्याच गंभीरपणे दुसरी घोषणा व्हायची, "पिठलं-भाकरी काही कारणानं उशिरा सुटेल."

ते स्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे जाळीच्या खोलीत बसून कुठली गाडी आली, कुठली सुटली याची नोंद ठेवायची आणि भोंग्यावरून ते लोकांना सांगायचं. मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तरी गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. मीही इथं त्यांना कंट्रोलरच म्हणतो. मी आजवर फक्त परीक्षेत निबंध लिहिलेत. खऱ्या माणसाबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ आहे. कुठं मागचं पुढं झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आमचं गाव जळकोटपासून आत दोन कोसांवर. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, आणि बहात्तरच्या दुष्काळात सुरू झालेलं ते काम पुढं दुष्काळ सरला तरी तिच्या हातातून सुटलं नव्हतं. धाराशिवला खोली शोधताना मी चार घरं फिरलो. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग खोली कालच गेल्याचं कळलं. पाचवं घर कंट्रोलरांचं. त्यांनी विचारलं, "कुठल्या गाडीनं आलास?"

"सकाळच्या उमरग्याच्या."

"टायमात होती का?"

मी जरा घाबरलो. म्हटलं, "घरी घड्याळ नाही. त्यामुळं मला ठाऊक नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठाऊक न्हाय ते ठाऊक न्हाय म्हणतोस. वर जा, खोली बघून घे."

खोलीत आधीच दोघं होते. एक बालाजी. तेरच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, आवाज खणखणीत, पायात नेहमी नवी चप्पल. दुसरा दिगंबर, तेरखेड्याचा. त्याच्या घरी सगळे फटाके बनवायचे. तो बोलायचा कमी आणि झोपायचा फार. मी गेलो त्याच रविवारी दुपारी खालून घोषणा झाली, "वरच्या खोलीतले प्रवासी फाट्यावर जाण्यासाठी ओसरीवर यावेत."

"हे काय आहे?" मी विचारलं.

बालाजी म्हणाला, "खोलीचं भाडं थकलं तर चालतं. हे चुकवलं तर चालत नाही."

फाटा हा कंट्रोलरांनी स्वतः काढलेला खेळ होता. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. पाच कवड्या होत्या आणि जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक खेळणाऱ्यानं आपल्या मनानं एक माणूस तयार करायचा आणि खेळात त्या माणसाच्या तोंडानं बोलायचं. सुरुवात कायम एकच असायची. कंट्रोलर डोळे मिटून म्हणायचे, "गाडी फाट्यावर थांबली. तुम्ही उतरलात. गाडी गेली. आता काय करता?" मग आम्ही काय करतो ते सांगायचं. त्या फाट्याजवळच्या गावातलं बाकी सगळं, म्हणजे सरपंच, शिंपी, सरपंचाची सासू, कुत्री, ऊन, वारा, हे कंट्रोलर स्वतः व्हायचे. प्रत्येकाचा आवाज वेगळा. सासूचा आवाज तर इतका हुबेहूब की काकू आतून म्हणायच्या, "माज्या आईला मधी आणू नका."

खेळाचा खरा नियम एकच होता. आम्ही काहीही करतो म्हटलं तरी कंट्रोलर नाही म्हणायचे नाहीत. "व्हय, कर की. टाक कवड्या." तीन-चार उताण्या पडल्या की जमलं. कमी पडल्या की बिघडलं. एकही पडली नाही तर ते "ब्रेकडाऊन!" म्हणून टाळी वाजवायचे आणि करायला गेलो एक नि झालं भलतंच असं काहीतरी घडवायचे. पाचही उताण्या पडल्या तर कंडक्टरसारखी दोनदा घंटी मारायचे, तोंडानं, "टिंग टिंग!"

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही कशालाच 'नाही' का म्हणत नाही?"

ते पानाचा देठ खुडत म्हणाले, "बत्तीस वर्सं गाड्या सोडल्या म्या. इतक्या वर्सांत एकाबी गाडीला इचारलं न्हाय, बाई तुला कुठं जायचंय म्हणून. पाटी लावली, सोडली. आता इचारतोय."

बालाजीला हे खरं वाटत नव्हतं. त्यांना अडवायचंच म्हणून तो एकदा म्हणाला, "मी ढगावर चढतो."

"व्हय, चढ. टाक कवड्या."

पाचही उताण्या पडल्या. कंट्रोलरांनी घंटी मारली. "चढलास."

बालाजी गडबडला. "वर काय आहे?"

"ते तू सांग. म्या कदी चढलो न्हाय."

बालाजीनं कवड्या एकेक करून गोळा केल्या. शेवटी हळूच म्हणाला, "ढग रिकामाच आहे. नुसता धूर." आणि स्वतःच खाली उतरला. त्यानंतर कंट्रोलरांना अडवायचा नाद आम्ही सोडला.

पण फाट्यावर उतरण्याआधी माणूस घडवावा लागायचा आणि तिथं मात्र ते फार कडक. तीन प्रश्न असायचे. ह्याला काय हवंय? हा कशाला भितो? ह्याच्या पिशवीत काय आहे? मी पहिला माणूस लिहून नेला तो असा: गरीब घरातला, अभ्यासू, सत्शील विद्यार्थी. कंट्रोलरांनी कागद वाचला आणि परत दिला. "ह्यो तर वरच्या खोलीत ऱ्हातोय. ह्याला तू रोजच खेळतोस की. आनि ह्यो सत्शील कोन ठरीवणार, तूच का?"

दुसऱ्या दिवशी मी एक पराक्रमी तलवारबहाद्दर लिहून नेला. ह्याला काय हवंय? विजय. हा कशाला भितो? कशालाच नाही.

"मग ह्याला घरी बसीव," ते म्हणाले. "भ्येतच न्हाय त्याची गंमत काय बगायची?"

बालाजीनं एक चोर केला होता. त्याला कुत्र्यांची भीती आणि पिशवीत दुसऱ्यांच्या चपला. दिगंबरचा माणूस पोस्टमन होता आणि तो मोठ्या आवाजाला घाबरायचा. त्याला काय हवंय यापुढं दिगंबरनं एकच शब्द लिहिला होता, झोप. मी म्हटलं, तू तेरखेड्याचा, तुझ्या माणसाकडं तर सुतळी बॉम्ब पाहिजेत. तो म्हणाला, "घरी दिवसभर दारू भरतो आम्ही. इथं तरी बार नको."

मी तीन दिवस कागद कोरा ठेवला. मग एका दुपारी, का ते मला अजून सांगता येत नाही, मी गयाबाई लिहिली. रोजगार हमीवर खडी फोडणारी. तिला काय हवंय? मनगटावर घड्याळ. कशाला भिते? विजेला. पिशवीत काय आहे? कामाचं माप घेणाऱ्या ओव्हरसियरची हरवलेली टेप. खाली मी आणखी एक ओळ लिहिली होती: माप चुकलेलं दिसलं की हिला गप्प बसता येत नाही.

कंट्रोलरांनी कागद दोनदा वाचला. फक्त म्हणाले, "टिंग टिंग."

कॉलेजात हजेरी घेताना माझं "यस सर" पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. गयाबाई मात्र पहिल्याच रविवारी सरपंचावर इतकी ओरडली की काकू हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि मला बघून पुन्हा आत गेल्या. मलाही माझ्या आवाजाचं नवल वाटलं.

त्या खेळासाठी कंट्रोलरांनी दोन महिने खपून एक गुप्त गोष्ट तयार केली होती. गावाबाहेर जुनी बारव. तिच्या पायऱ्यांखाली भुयार. भुयारात कोनाडे, एक आंधळा नाग आणि तांब्याची पेटी. या सगळ्याचा निळ्या शाईनं काढलेला नकाशा त्यांच्या मांडीखाली असायचा, आणि आम्ही कधी एकदा बारवेकडे वळतो याची ते वाट बघायचे.

आम्ही वळलोच नाही. फाट्यावरून गावात शिरताना गयाबाईला घरोघर दूध विकत घेणारा एक दूधवाला दिसला. कंट्रोलरांनी तो उगाच, रस्ता भरायचा म्हणून ठेवला होता. गयाबाईनं विचारलं, "ह्याचं माप कसं आहे?"

कंट्रोलर सहज म्हणाले, "बूड भाईर आलंय. वाटीभर दूध जादा मावतंय."

झालं. गयाबाईनं टेप काढली. तिथून जी भांडणं लागली ती पुढचे कितीतरी रविवार चालली. आधी दूधवाल्याशी, मग सरपंचाशी, मग आपापसात. शेवटी आमच्या तिघांच्या माणसांनी त्या गावात दूध सोसायटी काढायचं ठरवलं. तेव्हा खऱ्या जगातही गावोगाव सोसायट्या निघत होत्या. कोण चेअरमन, कोण सेक्रेटरी, यावरच लोक बोलायचे. आमच्या डोक्यात दुसरं काय येणार?

कंट्रोलर मधून मधून आठवण द्यायचे. "बारवेतनं कसला तरी आवाज येतोय हं."

"येऊ द्या," बालाजी म्हणायचा. "आधी संचालक मंडळ ठरू द्या."

"नागाचा फुत्कार असल्यावानी वाटतंय."

"नागाला सभासद करून घेता येत नाही काका. त्याच्याकडं दुभतं जनावर नाही."

एके रविवारी त्यांनी मांडीखालचा नकाशा काढला, एकदा डोळे भरून पाहिला, चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या पाटाखाली टेकण म्हणून सारला. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, आपण बारवेकडे जाऊ या का?"

"तुला जायचंय का गयाबाईला जायचंय?"

"गयाबाईला नाही जायचं."

"मग माजी भीड कशाला धरतोस? चला, सेक्रेटरी कोन हुतंय?"

आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त चेव चढला. आठ सभासद, दोन विरोधक, एक रुसलेला म्हातारा, सगळ्यांचे आवाज ते एकटे काढायचे. ज्या रविवारी सोसायटी मंजूर झाली त्या रविवारी तर ते ओसरीवर उभेच राहिले. तळव्यांचा भोंगा केला आणि पूर्वी स्टँडवर घुमायचा त्या भरदार आवाजात म्हणाले, "सर्व सभासदांनी लक्ष द्यावं. उद्या सकाळी सहा वाजल्यापासून दूध संकलन सुरू होत आहे. प्रत्येकानं आपलं माप तपासून घ्यावं."

आम्ही टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरात पारूबाई म्हशीला पाणी दाखवत होती, तिनंही मान वर करून ऐकलं. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गल्लीतल्या बायाबापड्यांनी इतकी वर्षं त्या आवाजावर भरवसा ठेवून गाड्या पकडल्या होत्या. त्या आवाजानं सांगितलं की गाडी लागली, म्हणजे ती लागलेली असायची. कंट्रोलर जेवणाची घोषणा करायचे तेव्हा लोक हसायचे. पण स्टँडवरच्या त्या आवाजातली सोसायटीची घोषणा लोकांनी खरी मानली.

सोमवारी सकाळी मी तोंड धुवायला खाली आलो तर दारात बारा-तेरा बाया रांगेत. कुणाकडे चरवी, कुणाकडे कॅन, एकीच्या हातात झाकण बांधलेली बादली. सगळ्यात पुढं पारूबाई.

"हो रं बाजूला," ती मला म्हणाली. "सेक्रेटरीला बलीव. दूध नासंल."

कंट्रोलर बाहेर आले. रांग बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. पारूबाई उत्साहानं सांगत होती, "कंट्रोलर, तुमी काल माप तपासा म्हणलात, म्या संध्याकाळीच त्या दूधवाल्याचं माप बगितलं. बूड भाईर आलेलं! आता बोला! दगडावर आपटलं, चेंदामेंदा करून टाकला. म्हणलं, पुन्ना माज्या दारात पाय ठिवू नगं, आमची सोसायटी निगालीया. बरुबर का न्हाय?"

सगळ्या बाया कंट्रोलरांकडे बघत होत्या. ते उभेच होते. ओठ हलत होते. मला वाटतं त्यांना एकच शब्द म्हणायचा होता, पण रविवारच्या रविवार व्हय म्हणण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की तो तोंडातून निघेना. काकू दारातून म्हणाल्या, "अवो, बोला की आता!" ते खाली ओट्यावर बसले.

मी पायरीवर चढलो. गयाबाई असती तर एका दमात बोलली असती, पण ती आत कागदावर होती. मी म्हटलं, "मावशी, नाही. सोसायटी निघालेली नाही. तो आमचा खेळ होता."

मागून कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं!"

मी पुन्हा म्हटलं, "नाही! सोसायटी नाही. खेळ होता. चूक आमची आहे."

पारूबाईनं चरवी खाली ठेवली. "खेळ? इतकी मान्सं मिळून दुपारभर भांडत हुता, ती खेळ?"

"आम्ही तिघंच होतो. आणि काका."

"आनि त्यो रुसलेला म्हातारा? ती सभासद?"

"ते सगळे काकाच."

तिनं ओट्यावर मान घालून बसलेल्या कंट्रोलरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक बाई हसली. मग दुसरी हसली. पण पारूबाई हसली नाही. "तुमचा खेळ झाला," ती म्हणाली. "बाकीच्यांकडं त्यो दूधवाला उद्या येईल. माज्याकडं यायचा न्हाय. रोजच्या दोन म्हशींचं दूध म्या कुठं घालू? तुमच्या फाट्यावर?"

त्यावर कंट्रोलर उठले. आत जाऊन टोपी घातली. बाहेर येऊन पारूबाईची चरवी स्वतः उचलली आणि म्हणाले, "चला सगळ्याजणी." मला म्हणाले, "ती बादली घे."

सकाळच्या उन्हात आमची वरात स्टँडवर गेली. कँटीन चालवणारा भला माणूस होता आणि कंट्रोलरांचा जुना ओळखीचा. कंट्रोलर त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. मी त्यांना कुणापुढं तसं उभं राहिलेलं आधी पाहिलं नव्हतं. घोषणेचा आवाज नव्हता, साधा होता. "चूक माजी हाय. आजचं सगळं दूध घे. आनि ह्या बाईचं रोज घे. पानी निगालं तर मला इचार."

"पानी?" पारूबाई म्हणाली. "माजी म्हस पानी पीती, दुधात घालत न्हाय."

कँटीनवाल्यानं बोट बुडवून पाहिलं आणि मान डोलावली. त्या दिवशी स्टँडवर उतरलेल्यांना बासुंदी मिळाली म्हणतात. पुढं रोज सकाळी पारूबाईची चरवी कंट्रोलर स्वतः पोचवायचे. मी कॉलेजला जाताना अर्ध्या वाटेपर्यंत कडी धरायचो.

दूध मार्गी लागलं, पण कंट्रोलरांनी खेळ बंद केला. कवड्या फडक्यात बांधून फळीवर ठेवल्या. रविवारी दुपारी आम्ही ओसरीवर जाऊन बसलो तर म्हणाले, "अभ्यास करा. परीक्षा जवळ आलीय."

बालाजी म्हणाला, "परीक्षेला चार महिने आहेत."

"मग चार म्हैने करा."

जेवणाच्या घोषणाही थांबल्या. काकू ताट वाढून नुसत्या "या" म्हणायच्या. इतके दिवस त्यांनी या खेळाला नावं ठेवली होती. आता त्याच मला म्हणाल्या, "तुमी भांडत न्हाईत तर दुपार सरंना झालीया. त्यांना काईतरी सांग की रे." मी काय सांगणार? मी इतकंच म्हटलं, "काका, चूक आमची पण होती." ते म्हणाले, "न्हाय. तुमी खेळत हुता. व्हय-व्हय म्या म्हणत हुतो. माज्या व्हयमुळं त्या बाईच्या दुधाची माती झाली असती." मला वाटलं, आता फाटा संपला. दिगंबरनं तर आपल्या पोस्टमनचा कागद पुस्तकात ठेवूनही टाकला.

तिसऱ्या रविवारी दुपारी पारूबाई ओसरीवर आली. चरवी नव्हती. पदर खोचलेला. कंट्रोलर दचकून उठले. "दुधाचं काय झालं का?"

"दुधाला काय धाड भरलीय? त्यो कँटीनवाला म्हणतोय, आजून आना." ती खांबाला टेकून बसली. "खेळ का बंद केला?"

"तुज्यामुळं... म्हंजे माज्यामुळं," कंट्रोलर म्हणाले.

"म्या दुधाचं बगा म्हणलं. खेळ बंद करा कदी म्हणलं? दर ऐतवारी म्हशीजवळ बसून ऐकत हुते. त्या गावाचं म्होरं काय झालं, कुनी सांगंना. मला घ्या त्यात."

काकू दारात आल्या. बालाजीनं न विचारताच फळीवरचं फडकं काढून कंट्रोलरांच्या पुढं ठेवलं. त्यांनी गाठ सोडायला जरा वेळ लावला. मग कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मानूस कोन?"

"म्याच."

"आपन सोता व्हायचं न्हाय. नियम हाय."

पारूबाईनं विचार केला. "बरं. एक बाई. तिला म्हस न्हाय."

"तिला काय हवंय?"

"ते म्होरं बगू."

"कशाला भिती?"

"भ्यायला येळ न्हाय तिला."

कंट्रोलरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर न बघता खालच्या सतरंजीकडे पाहू लागलो, कारण मला हसू आवरत नव्हतं. "बरं, पिशवीत काय हाय?"

"पिशवीच न्हाय. दोनी हात मोकळं."

तिन्ही प्रश्नांपुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. माझे दोन कागद यापेक्षा कितीतरी कमी चुकांसाठी परत आले होते. कंट्रोलरांनी तो कागद परत केला नाही. डोळे मिटले आणि म्हणाले, "गाडी फाट्यावर थांबली. तुमी चौघं उतरलात. गाडी..."

"म्या न्हाय उतरले," पारूबाई म्हणाली.

कंट्रोलरांनी डोळे उघडले. "न्हाय उतरली?"

"न्हाय. ही तिगं उतरू द्या. त्यांची सोसायटी हाय. ती बाई बसलीय गाडीत, खिडकीजवळ."

"आगं पन गाडी म्होरं जातीया."

"जाऊ द्या की. म्होरंच जायचंय तिला."

कंट्रोलर कवड्या हातात तशाच धरून बसले. इतक्या वर्षांत त्या गाडीतून न उतरणारं कुणी भेटलं नव्हतं. फाट्याच्या अलीकडचं त्यांना सगळं ठाऊक होतं. गावातल्या कुत्र्यांना नावं होती, बारवेच्या पायऱ्या मोजलेल्या होत्या. पलीकडं काहीच नव्हतं. त्यांनी एकदा काकूंकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मी ते नीट लिहू शकणार नाही.

"बाई," ते म्हणाले, "जरा थांबावं लागंल. म्होरचा रस्ता म्या काढलेलाच न्हाय."

पारूबाईनं पाय पसरले. "मग काढा की. सकाळची धार काढून आलेय. सांजपतोर मला कुठं जायचंय?"

कंट्रोलरांनी गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढला.